मिहरचंद : दोन चित्रपरंपरांच्या संधिकाळातील अवधचा चित्रकार

लखनौ : येथील हुसैनाबाद भागातील पिक्चर गॅलरीत अवधच्या नवाबांची पुरुषभर उंचीची तैलचित्रे लावलेली आहेत. तेथील वाटाडे पर्यटकांना एक गंमत हमखास दाखवतात. चित्रासमोर डावीकडे उभे राहिले की नवाबाच्या जोड्याचे टोक डावीकडे वळल्यासारखे वाटते. उजवीकडे सरकले की तेच टोक उजवीकडे आलेले भासते. ही कोणतीही जादू नाही. सपाट पृष्ठभागावर खोलीचा आभास निर्माण करणाऱ्या युरोपीय चित्रणपद्धतीचा तो परिणाम आहे. ही पद्धत अवधमध्ये रुजू लागली ती १७७०च्या दशकात, आणि ज्या स्थानिक चित्रकारांनी ती प्रथम समजून घेतली, त्यांत अग्रभागी असलेले नाव म्हणजे मिहरचंद.

सुमारे १७५९ ते १७८६ या काळात त्याने काम केले. त्याच्या चित्रांचा मोठा साठा आज बर्लिनच्या संग्रहालयांत आहे. ज्या शहराच्या चित्रकलेशी त्याचे नाव जोडले जाते, त्या लखनौच्या पर्यटनाच्या वाटेवर मात्र ते क्वचितच ऐकू येते. त्याचे चरित्र कोणी लिहून ठेवले नाही. चित्रांवरील नाममुद्रा, त्याला कामावर ठेवणाऱ्या एका युरोपीय अधिकाऱ्याची फारसी पत्रे आणि स्वतः चित्रे, या तीन साधनांवरूनच अभ्यासकांनी त्याच्या कामाचा आराखडा जुळवला आहे.

दिल्लीहून पूर्वेकडे

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मुघल दरबाराला उतरती कळा लागली. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. पुढे अहमदशहा अब्दालीच्या स्वाऱ्यांनी उरलीसुरली शांतताही संपवली. दरबारी चित्रकाराचे पोट आश्रयदात्यावर अवलंबून असते. कागद, सोने, मौल्यवान रंग आणि वर्षानुवर्षांचा निवांतपणा पुरवणारा धनी राहिला नाही, तेव्हा दिल्लीच्या कलावंतांनी मुर्शिदाबाद, फारुखाबाद आणि अवधची वाट धरली. मीर कलां खान हा दिल्लीत नावाजलेला चित्रकार याच ओघात अवधमध्ये आला होता.

मिहरचंदच्या चित्रांवरील नोंदींत ‘गंगारामाचा पुत्र’ असा त्याचा उल्लेख येतो. पित्याचे नाव जोडण्याची ही रीत मुघल चित्रशाळांत जुनी होती. त्याच्या सुरुवातीच्या कामांत बादशहा दुसरा शाह आलम याचे व्यक्तिचित्र आहे. डिसेंबर १७५९ मध्ये पित्याच्या हत्येनंतर हा बादशहा पूर्वेकडेच असताना गादीवर आला. बक्सरच्या लढाईनंतर तो काही वर्षे इंग्रजांच्या आधाराने अलाहाबादेत राहिला आणि १७७२च्या आरंभी महादजी शिंदे यांच्या संरक्षणाखाली दिल्लीस परतला. मिहरचंद त्याच्याबरोबर दिल्लीला गेल्याचे दिसत नाही. त्याचे पुढचे काम अवधमध्ये झाले.

अवधचा तत्कालीन नवाब शुजाउद्दौला मराठी वाचकाला अपरिचित नाही. १७६१च्या पानिपतात तो अब्दालीच्या बाजूने उभा राहिला. त्या युद्धाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत लिहिणारा काशीराज पंडित याच नवाबाच्या पदरी होता. मात्र पानिपतानंतर अवघ्या तीन वर्षांनी, ऑक्टोबर १७६४ मध्ये, बक्सर येथे शुजाउद्दौलाचा ईस्ट इंडिया कंपनीकडून पराभव झाला. १७६५च्या अलाहाबाद तहाने त्याच्यावर ५० लाख रुपयांची खंडणी बसली. राज्य त्याच्याकडे राहिले, पण इंग्रजांचा पाय अवधमध्ये कायमचा रोवला गेला. सैनिक, व्यापारी, अभियंते आणि त्यांच्यामागोमाग चित्रकारही येऊ लागले.

फैजाबादेत आलेले तैलचित्र

शुजाउद्दौलाची राजधानी फैजाबाद होती. लंडनचा चित्रकार टिली केटल १७६९ मध्ये मद्रासला उतरला आणि १७७१च्या अखेरीस फैजाबादला पोहोचला. भारतात येऊन काम करणारा तो पहिला नामवंत इंग्रज व्यक्तिचित्रकार मानला जातो. त्याने नवाबाची अनेक तैलचित्रे काढली. काहींत तो पुत्रांसह, तर काहींत इंग्रज सेनाधिकाऱ्यांची भेट घेताना दिसतो. उंचापुरा, भरघोस मिशांचा, हातात धनुष्य घेतलेला नवाब जवळपास जिवंत माणसाच्या आकारात कापडावर उतरलेला पाहणे हा त्या दरबारासाठी नवा अनुभव होता.

फैजाबादेत त्या वेळी जाँ-बाप्तिस्त जांती हा फ्रेंच अधिकारीही राहत होता. त्याच्याकडे नेवासीलाल आणि मोहनसिंग हे स्थानिक चित्रकार कामाला होते. हिंदुस्थानातील चालीरीतींचा त्यांनी १७७४ मध्ये चितारलेला संग्रह आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. केटलच्या तैलचित्रांवरून कागदावर लहान आकाराची चित्रे करण्याचे काम नेवासीलालने केले आणि मिहरचंदनेही केले.

नक्कल नव्हे, भाषांतर

या चित्रांना सर्रास ‘नकला’ म्हटले जाते. परंतु दोन्ही माध्यमांचे तंत्र समजून घेतले, तर हा शब्द अपुरा असल्याचे लक्षात येते.

तैलचित्रात रंग जवसाच्या तेलात कालवलेला असतो. तो सावकाश वाळतो. त्यामुळे गालावरचा उजेड आणि हनुवटीखालची छाया ओल्या रंगातच एकमेकींत मिसळता येतात. भारतीय लघुचित्राचे तंत्र याच्या अगदी उलट आहे. येथे कागदाचे अनेक थर खळीने चिकटवून ‘वसली’ तयार केली जाते आणि अकीक किंवा शंखशिंपल्याने घोटून तिला चकाकी आणली जाते. त्यावर बारीक रेषेत आराखडा काढून पांढऱ्या रंगाचा पातळ थर देतात. डिंकात कालवलेले अपारदर्शक जलरंग खारीच्या केसांच्या कुंचल्याने एकावर एक भरले जातात आणि अधूनमधून चित्र पालथे ठेवून पुन्हा घोटले जाते. हे रंग पाहता पाहता वाळतात. ओल्या रंगात छटा मिसळण्याची सोय येथे नसते.

मग चेहऱ्याची गोलाई कशी दाखवायची? यासाठी मुघल चित्रकारांकडे ‘परदाज’ ही युक्ती होती. केसाएवढ्या बारीक रेघा आणि ठिपके शेजारी शेजारी देत जायचे, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला ती सलग छाया वाटते. केटलने रुंद कुंचल्याच्या काही फटकाऱ्यांत साधलेली छाया मिहरचंदला अशा असंख्य सूक्ष्म स्पर्शांतून उभी करावी लागली. पुरुषभर उंचीचे चित्र हातात धरता येईल एवढ्या कागदावर आणताना काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हा निर्णयही त्यालाच घ्यायचा होता.

मुघल परंपरेत नक्कल करणे कमीपणाचे नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवे. चित्रशाळांत नामांकित चित्रांचे ‘चरबे’ जपून ठेवलेले असत. पारदर्शक केलेल्या हरणाच्या कातड्यावर मूळ रेषा गिरवायच्या, त्या रेषांवर सुईने बारीक भोके पाडायची आणि वरून कोळशाची पूड चोळून तो आराखडा नव्या कागदावर उतरवायचा, अशी ही रीत होती. उस्तादाचे चित्र पुन्हा काढणे म्हणजे त्याची विद्या आत्मसात करणे होते. मिहरचंदने केटलच्या चित्रांना लावली ती हीच कसोटी. परकीयाच्या कामाकडे त्याने आणखी एका उस्तादाचे काम म्हणून पाहिले.

परिणाम त्याच्या चित्रांत दिसतो. जुन्या मुघल व्यक्तिचित्रांत माणूस बहुधा एकरंगी, सपाट पार्श्वभूमीवर उभा असतो आणि उजेड सर्वत्र सारखा पडलेला असतो. मिहरचंदच्या चित्रांत क्षितिज दूर जाते, बागा आणि गच्च्या मागे मागे सरकत लहान होतात, चेहऱ्यावर एका बाजूने प्रकाश येतो. त्याच वेळी चेहऱ्याची कड मुघल कलमातली तीक्ष्ण रेषाच राहते, आणि जरीच्या अंगरख्यावरील प्रत्येक बुट्टी पूर्वीइतक्याच निगुतीने रंगवलेली असते. युरोपीय पद्धत त्याने स्वीकारली, परंतु स्वतःचे शिक्षण मोडीत काढले नाही.

पोलिएची पत्रे

मिहरचंदचा सर्वांत महत्त्वाचा आश्रयदाता आंत्वान पोलिए याचा जन्म १७४१ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाला. तरुणपणीच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि अभियंता म्हणून नावारूपास आला. मात्र जन्माने इंग्रज नसल्याने त्याच्या बढतीला मर्यादा पडल्या. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने त्याला शुजाउद्दौलाच्या सेवेत पाठवले. पुढे कंपनीच्या कलकत्त्यातील अंतर्गत राजकारणामुळे त्याला अवध सोडून काही काळ मुघल बादशहाच्या चाकरीत जावे लागले. तेथे त्याला ‘अर्सलान-ए-जंग’ हा किताब मिळाला. १७८०च्या सुमारास तो पुन्हा लखनौला आला. शुजाउद्दौलाच्या मृत्यूनंतर, १७७५ मध्ये, त्याचा पुत्र आसफउद्दौला याने राजधानी फैजाबादहून येथे हलवली होती.

पोलिए घरी अंगरखा घालीत असे, हुक्का ओढीत असे, फारसीत पत्रव्यवहार करीत असे. जयपूरच्या दरबाराकडून त्याने वेदांची प्रत मिळवली. ती १७८९ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पोहोचली. हस्तलिखिते आणि चित्रे जमवण्याचा त्याला ध्यास होता. १७७० च्या दशकात त्याने पाठवलेल्या फारसी पत्रांचा संग्रह ‘एजाज-ए-अर्सलानी’ या नावाने पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेला आहे. मुजफ्फर आलम आणि सीमा अलवी या इतिहासकारांनी त्यातील निवडक पत्रांचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध केला. या पत्रांमुळे मिहरचंदचे रोजचे जगणे अंशतः तरी दृष्टीस पडते.

लष्करी मोहिमांमुळे पोलिए अनेकदा दूर असे आणि चित्रकाराला पत्रातून सूचना पाठवी. चित्रे लवकर पूर्ण करावीत, पूर्वी केलेल्या चित्रांवरून आणखी तयार करावीत, हातात काम नाही म्हणून रिकामे बसू नये, अशा आशयाचा मजकूर या पत्रांत येतो. त्यातून नात्याचे स्वरूप स्पष्ट होते. मिहरचंद हा पगारी नोकर होता. विषय धन्याने ठरवायचा, मुदत धन्याने घालायची आणि पूर्ण झालेले चित्र धन्याच्या मालकीचे. मिहरचंदने या पत्रांना दिलेली उत्तरे मात्र जपली गेली नाहीत. पत्रे मालकाची टिकली आणि चित्रे नोकराची टिकली, इतकाच त्या संवादाचा पुरावा आज हाती आहे.

तरीही हे नाते एकतर्फी नव्हते. पोलिएच्या संग्रहात जुनी मुघल चित्रे होती. एरवी बादशहाच्या ग्रंथालयातच पाहायला मिळावीत अशा कलाकृती मिहरचंदला त्यामुळे जवळून अभ्यासता आल्या. मालिनी रॉय यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याच्या चित्रांमागील अनपेक्षित मूळ स्रोतांचा मागोवा घेतला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या चित्रांतील आकृती घ्यायच्या, त्या नव्या पार्श्वभूमीवर मांडायच्या, त्यांच्याभोवती नवे क्षितिज उभे करायचे, अशी त्याची रीत या अभ्यासांतून समोर येते. त्याच्यापुढे युरोप आणि मुघल भूतकाळ असे दोन गुरू होते, आणि दोघांकडूनही तो निवडून घेत होता.

पोलिएने ही चित्रे ‘मुरक्का’ म्हणजे संग्रहवहीच्या स्वरूपात बांधून घेतली. एका पानावर चित्र, समोरच्या पानावर सुलेखन, आणि दोहोंभोवती फुलापानांचा रुंद ‘हाशिया’ अशी त्यांची मांडणी आहे. या वह्यांमध्ये व्यक्तिचित्रे, रागमाला, दरबार, बागा, इमारती असे विषय आहेत. त्यांच्या निर्मितीत मिहरचंदचा वाटा प्रमुख मानला जातो.

कुंचल्यासह उभा झोफनी

१७८४ मध्ये लखनौला आणखी एक युरोपीय चित्रकार आला. जोहान झोफनी हा जर्मनीत जन्मलेला, लंडनमध्ये राजा तिसरा जॉर्ज याच्या मर्जीतला आणि तेथील रॉयल अकादमीचा सदस्य. आसफउद्दौला आणि इंग्रज अधिकारी कोंबड्यांची झुंज पाहत असल्याचे त्याचे गाजलेले चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. लखनौत तो क्लॉड मार्टिन या फ्रेंच गृहस्थाकडे उतरला होता. ‘ला मार्टिनियर’ ही शिक्षणसंस्था ज्याच्या मृत्युपत्रातून उभी राहिली, तोच हा मार्टिन. त्याने लखनौच्या चित्रकारांकडून पक्षी आणि वनस्पतींची शेकडो चित्रे काढून घेतली होती.

१७८६-८७च्या सुमारास झोफनीने काढलेले ‘कर्नल पोलिए आणि त्याचे मित्र’ हे तैलचित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये पाहायला मिळते. पोलिए माळ्यांनी आणलेली फळे-भाज्या न्याहाळतो आहे. मार्टिन आपल्या मित्राला एक चित्र दाखवतो आहे. या मंडळींच्या मधोमध, चित्रफलकासमोर, हाती कुंचला घेऊन झोफनी स्वतः बसला आहे. भोवती नोकरचाकर आहेत.

ज्याच्या घरातील हा प्रसंग आहे, त्याच पोलिएसाठी मिहरचंदने वर्षानुवर्षे काम केले. पण मित्रांच्या या मेळाव्यात चित्रकार म्हणून स्थान आहे ते झोफनीला. झोफनी स्वतःला यजमानाच्या बरोबरीने रंगवू शकत होता. मिहरचंदला आपली ओळख चित्राच्या कडेला एका ओळीत नोंदवावी लागत होती. हा फरक दोघांच्या कौशल्यातला नव्हता. त्या काळी चित्रकाराला समाजात आणि नोकरीत जे स्थान होते, त्यातून तो आलेला होता.

लखनौ ते बर्लिन

१७८८ मध्ये पोलिए युरोपला परतला. फ्रान्समध्ये आव्हिन्यों शहराजवळ त्याने घर केले. राज्यक्रांतीनंतरच्या धामधुमीत, फेब्रुवारी १७९५ मध्ये, दरोडेखोरांनी त्याची हत्या केली. त्याच्या संग्रहातील अनेक चित्रवह्या विल्यम बेकफर्ड या श्रीमंत इंग्रज संग्राहकाकडे गेल्या. बेकफर्डच्या कन्येचा विवाह हॅमिल्टनच्या ड्यूकशी झालेला असल्याने त्या पुढे हॅमिल्टन घराण्याकडे आल्या. १८८२ मध्ये या घराण्याचा हस्तलिखित संग्रह प्रशियाने विकत घेतला आणि मिहरचंदची चित्रे बर्लिनला पोहोचली.

या स्थलांतराला दोन बाजू आहेत. चित्रे देशाबाहेर गेली आणि लखनौ आपल्याच कलावंताला पारखे झाले, ही एक. दुसरी अशी की, १८५६ मध्ये अवध खालसा झाले आणि पुढच्याच वर्षीच्या उठावात लखनौची प्रचंड लूट झाली. नवाबांच्या ग्रंथालयांतील अमूल्य ऐवज त्यात नष्ट झाला किंवा विखुरला गेला. परदेशी गेलेल्या वह्या त्या अरिष्टातून वाचल्या.

पुण्याचा गंगाराम

मिहरचंदची स्थिती अपवादात्मक नव्हती. महाराष्ट्रात याच्याशी जुळणारे उदाहरण पुण्यात सापडते. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे १७९०च्या दशकात गंगाराम तांबट हा चित्रकार कामाला होता. त्याने वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील प्राण्यांची रेखाटने केली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यात आल्यावर त्याच्या सहवासात गंगारामच्या कामात युरोपीय छायाप्रकाश उतरला. याच सुमारास शनिवारवाड्यात चित्रशाळाही सुरू झाली. गंगारामची बरीच रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलाकेंद्रात आहेत.

लखनौ आणि पुणे, दोन्हीकडे घडणीचा क्रम सारखाच आहे. युरोपीय अधिकाऱ्याला भारत चित्रात नोंदवून हवा होता. स्थानिक चित्रकाराकडे ते कसब होते आणि दरबारी आश्रय आटत चालला होता. या गरजांच्या भेटीतून जी चित्रे निर्माण झाली, त्यांना पुढे ‘कंपनी शैली’ हे सरसकट नाव मिळाले. त्या नावात विकत घेणारा ठळक झाला आणि काढणारा मागे पडला.

नाव परत मिळताना

गेल्या काही दशकांत हे चित्र बदलू लागले आहे. २०१०-११ मध्ये लॉस एंजेलिस येथील कलासंग्रहालयाने आणि नंतर पॅरिसच्या गिमे संग्रहालयाने लखनौच्या दरबारी कलेचे मोठे प्रदर्शन भरवले. २०१९च्या अखेरीस लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये विल्यम डॅलरिंपल यांनी मांडलेले प्रदर्शन तर कंपनीसाठी काम केलेल्या भारतीय चित्रकारांनाच वाहिलेले होते. ‘अज्ञात चित्रकार’ अशा पाटीऐवजी जेथे शक्य असेल तेथे चित्रकाराचे नाव लिहिण्याचा आग्रह आता संग्रहालये धरत आहेत. नाममुद्रा तपासणे, रेषेची व परदाजची सवय ओळखणे, एकाच आराखड्यावरून निघालेली चित्रे शेजारी ठेवून पाहणे अशा चिकाटीच्या कामातून ही नावे निश्चित होत आहेत.

लखनौच्या दृष्टीने याला वेगळे महत्त्व आहे. या शहराची ओळख इमामबाडे, चिकनकारी, कथक आणि उर्दू शायरी यांभोवती फिरते. येथे १९११ पासून सरकारी कला महाविद्यालय आहे. परंतु त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी अवधच्या एका चित्रकाराने दोन खंडांच्या चित्रविद्या एकाच कागदावर आणल्या होत्या, ही गोष्ट शहराच्या सांगण्यात फारशी येत नाही. हुसैनाबादच्या गॅलरीत नवाबांच्या जोड्यांची गंमत सांगताना वाटाड्यांनी मिहरचंदचे नाव घेतले, तर त्या तैलचित्रांच्याही शंभर वर्षे मागची कथा पर्यटकाला समजेल.